रुग्णवाहिका आली, पुढे काय?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. मुख्यालय जवळ आले आणि अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. ही प्रगती आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावर किंवा रिसोडकडील पैनगंगेकाठच्या गावात, सोयाबीनच्या शेतात कोणाला सर्पदंश झाला, की या साऱ्या प्रगतीची परीक्षा तासाभरात होते.

संकटकाळी हाक मारण्यासाठी क्रमांक कमी नाहीत. २०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आहे. तिच्या गाडीत डॉक्टर असतो, ही मोठीच सोय. गरोदर माता व नवजात बालकांसाठी १०२ आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आहे. समृद्धीची व्यवस्था निराळी, खासगी व संस्थांच्या गाड्या त्याहून निराळ्या. प्रत्येक सेवा आपल्या जागी उपयुक्त आहे. उणीव आहे ती या सेवांना परस्परांशी बांधणाऱ्या दुव्याची. गाडी वेळेवर आली, पण ज्या रुग्णालयाकडे ती निघाली तेथे प्रतिविष, रक्त किंवा शल्यविशारद आहे की नाही हे आधी कळले नाही, तर गाडीचा वेग व्यर्थ ठरतो. ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी हाती देणे म्हणजे उपचार नव्हे.

हा प्रश्न नवा नाही. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका गरीब माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले. कोठे सोय नव्हती, कोठे खाट नव्हती. शेतमजुरांच्या संघटनेने त्याच्यासह सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ६ मे १९९६ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार नाकारणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशांची टंचाई ही त्यावरची सबब नव्हे. कोठे खाट उपलब्ध आहे हे तत्काळ कळावे यासाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी, असेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे सेवांमधील सहकार्य ही कोणाची मेहेरबानी नसून तो नागरिकाचा हक्क आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. सहाही तालुक्यांतील सरकारी, महामार्गावरील व खासगी रुग्णवाहिकांची आणि रुग्णालयांतील सोयींची रोजची नोंद जिल्ह्यात एका ठिकाणी असावी. पुढच्या रुग्णालयाशी बोलणे झाल्याशिवाय आणि तेथील होकार मिळाल्याशिवाय रुग्णाला तेथे पाठवू नये. आणि या सर्व सेवांच्या प्रतिनिधींनी दरमहा एकत्र बसून, कोठे विलंब झाला व का झाला, याचा विचार करावा. यासाठी इमारत लागत नाही. जबाबदारी घेणारा एक अधिकारी लागतो.

१८९७ च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंतरावांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला आणि सावित्रीमाईंनी रुग्ण तेथवर आणले. त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे प्राण गेले. रुग्णाला उचलणारे हात आणि उपचार करणारे हात तेथे एकमेकांना ओळखत होते. साधने तुटपुंजी होती, पण साखळी अखंड होती.

निवासी शाळेत पालक आपली लेकरे आमच्या हाती सोपवितात. त्यामुळे हा विषय आम्हांला परका नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे परिचारिका, चालक, डॉक्टर वा ग्रामपंचायत सदस्य आहेत, त्यांनी आपापल्या गावापासून हा दुवा जोडावा. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे, हे प्रत्येक घरात सांगावे. शिक्षणाने आपल्याला हक्क मागण्याची भाषा दिली. ती आता ग्रामसभेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात एकमुखाने बोलली जावी, एवढीच अपेक्षा.