चिक्कीच्या डब्यातली नाणी

परवा कार्ल्याजवळच्या एका गावात बचत गटाच्या मीटिंगला गेले होते. सगळ्या पांगल्या तरी एक वहिनी दारातच घुटमळत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "ताई, जरा बघता का?" सासूबाईंनी चिक्कीच्या रिकाम्या डब्यात जपलेली नाणी होती. त्यातल्या नेहरूंच्या रुपयाचा फोटो वहिनींनी मोबाईलवरच्या एका जाहिरातीला पाठवला. उत्तर आलं, अडीच लाख मिळतील, आधी नोंदणीचे बाराशे भरा. मग टॅक्सचे म्हणून साडेतीन हजार. पैसे गेले, फोन बंद. आणि घरी सांगायची चोरी!

मैत्रिणींनो, लाज फसवणाऱ्याला वाटावी, आपल्याला का? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच बजावलंय, की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, फी-कमिशनही मागत नाही. आणि साधा हिशेब करा. नेहरूंच्या निधनानंतर १९६४ साली आपल्याकडे स्मारक नाणी निघू लागली. त्यातली बरीचशी सुट्ट्या पैशांसारखीच घरोघरी फिरली. जे इतक्या घरांत आहे, त्याला कुणी लाखो रुपये देईल का?

पण म्हणून डबा फेकू नका हं. त्याच डब्यात मला १९७५ च्या महिला वर्षाचं दहा पैशांचं नाणं सापडलं. त्यावर समानता, विकास आणि शांती हे तीन शब्द. पुढे १९८० मध्ये ग्रामीण महिलांच्या प्रगतीचं नाणं आलं, १९९० मध्ये सार्क बालिका वर्षाचा रुपया, १९९६ मध्ये माता-बाल आरोग्याचे पाच रुपये. समानता आपल्या कनवटीला होती आणि आपण तिची मीठ-मिरची आणली!

पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. आता ती जपायचीच. फक्त चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, त्याने नाण्याची किंमत उतरते. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, वर साल लिहा आणि सुट्टीत नातवंडांना गोष्ट सांगा.

वहिनींची तक्रार आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदवली. पैसे परत मिळोत न मिळोत, पुढच्या मीटिंगला त्या स्वतः उभं राहून सगळं सांगणार आहेत. डबाही आणणार आहेत.