बंदीची नोंद

साहित्यावरील बंदीचा विषय निघाला की आपण अभ्यासक सामान्यतः दोन प्रश्न विचारतो. बंदी घालणे योग्य होते काय, हा पहिला. आणि बंदी घालणाऱ्यास तसा अधिकार होता काय, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांवर आपल्या सर्वच भाषांतून विपुल लिहिले गेले आहे. तिसऱ्या एका प्रश्नाकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही, कारण तो विचारण्याची वेळच आजवर क्वचित आली. बंदी घातली गेली याची नोंद कोठे सापडते, हा तो प्रश्न होय. संगणक आणि दूरसंचार यांच्या नव्या व्यवस्थेत हा तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंइतकाच, किंबहुना त्यांहून अधिक महत्त्वाचा झाला आहे असे माझे मत आहे, आणि ते येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचे आहे.

इंग्रजी अमदानीतील जप्त साहित्याचा अभ्यास आज आपण करू शकतो, तो कशाच्या बळावर? १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीच्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल करण्याचे बंधन मुद्रकावर घातले, आणि अशा पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या प्रांतिक राजपत्रांबरोबर प्रसिद्ध होऊ लागल्या. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे गोषवारे सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला तयार करीत. जप्तीचा हुकूम निघे तोही अधिसूचनेच्या रूपाने, पुस्तकाच्या नावानिशी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली त्यावर बंदी आली. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ‘पथेर दाबी’ १९२६ साली ग्रंथरूपाने निघाली आणि पुढच्याच वर्षी जप्त झाली. ‘अंगारे’ हा उर्दू कथासंग्रह १९३२ साली लखनौला प्रसिद्ध झाला, आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांतांच्या सरकारने तो सरकारजमा केला. त्याच्या बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. परंतु थोड्या प्रती लंडनच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या गेल्या, आणि त्यांच्याच आधारे तो संग्रह अनेक दशकांनी पुन्हा वाचकांच्या हाती येऊ शकला. नॉर्मन जेराल्ड बॅरिअर यांनी १९०७ ते १९४७ या काळातील निषिद्ध साहित्याचा जो अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला, तो अशाच दप्तरांवर उभा आहे. जप्त करणाऱ्यानेच जप्तीची वही लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला बंगाली, उर्दू आणि मराठी साहित्यांतील बंदीच्या इतिहासाची तुलना करता येते.

हे इंग्रजी राज्याचे गुणगान नव्हे. त्या राज्याने नोंदी ठेवल्या त्या प्रजेवर नजर ठेवण्यासाठी. पुढील काळच्या संशोधकांची सोय हा त्यांचा हेतू नव्हता. परंतु हेतू कोणताही असो, लेखी आणि सकारण हुकुमाची एक परंपरा त्यातून निर्माण झाली, आणि स्वतंत्र भारताच्या कायद्याने ती नागरिकाच्या बाजूने वळवून घेतली. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ९५ वे कलम आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील ९८ वे कलम यांचा आशय एकच आहे. राज्य सरकारला पुस्तक सरकारजमा करावयाचे असेल, तर त्याने अधिसूचना काढली पाहिजे आणि आपल्या मताची कारणे तीत नमूद केली पाहिजेत. ज्याचा त्या पुस्तकाशी हितसंबंध आहे, त्यास दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाता येते, आणि तेथे तीन न्यायमूर्तींचे विशेष पीठ त्या कारणांची तपासणी करते.

ही तरतूद केवळ कागदी नाही. शिवाजी महाराजांवरील एका परदेशी अभ्यासकाच्या इंग्रजी ग्रंथावर महाराष्ट्र शासनाने २००४ साली घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्या ग्रंथाविषयी कोणाचे मत काहीही असो. येथे मुद्दा एवढाच की शासनाची कारणे कागदावर होती, म्हणून ती न्यायालयाला अपुरी ठरविता आली. आणीबाणीसारख्या काळातही हे घडले. ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातील मजकूर छापण्यास नियंत्रकाने मनाई केली तेव्हा संपादक मिनू मसानी न्यायालयात गेले, आणि १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. नकार देणारा अधिकारी ज्ञात होता, त्याने काय नाकारले तेही ज्ञात होते. ‘सखाराम बाइंडर’च्या प्रयोगांसाठी कमलाकर सारंग यांना परिनिरीक्षण मंडळाशी आणि न्यायालयात जो झगडा द्यावा लागला, त्याची हकीकत त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. प्रतिपक्ष कोण हे माहीत असल्याखेरीज असे पुस्तक लिहिता येत नाही.

जेथे न्यायालयाने लेखकाच्या विरुद्ध कौल दिला, तेथेही हे खरे आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या अंतर्गत नियतकालिकात छापली गेली. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, क्षमायाचना केलेल्या प्रकाशकास मुक्त केले. कवीवरील खटला मात्र चालू राहू दिला. काव्यातील कल्पित उक्ती आणि ऐतिहासिक पुरुषाची प्रतिष्ठा यांचा जो संबंध त्या निकालपत्रात जोडला आहे, तो मला साहित्याचा अभ्यासक म्हणून पटत नाही. पण ते निकालपत्र मला वाचता येते, त्यातील युक्तिवाद विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतो, आणि तो खोडूनही काढता येतो. ज्या अन्यायाची कारणे लिहिलेली असतात, त्याच्याशी वाद घालण्याचा मार्ग निदान मोकळा राहतो.

त्याच वर्षी, त्याआधी दोनच महिने, याच न्यायालयाने दुसरा एक निर्णय दिला होता आणि त्याचे सर्वत्र स्वागत झाले होते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलम ‘श्रेया सिंघल’ खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरले. २०१२ साली पालघर येथे मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर अभिप्राय व्यक्त केल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली होती, ती प्रामुख्याने या कलमामुळेच गाजली. ते रद्द झाले हे उत्तमच झाले. परंतु त्या आनंदात एक गोष्ट काहीशी दृष्टीआड झाली. त्याच निकालाने ६९-अ हे कलम आणि त्याखालील २००९ चे नियम वैध ठरविले. संगणकीय जाळ्यावरील कोणताही मजकूर, विशिष्ट कारणांसाठी, जनतेला दिसेनासा करण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला या कलमाने मिळतो. न्यायालयाने ते वैध ठरविताना असा आधार घेतला, की कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यामुळे बाधित व्यक्तीला रिट अर्जाने दाद मागता येईल. युक्तिवाद निर्दोष आहे. मात्र त्याच नियमावलीतील १६ वा नियम सांगतो की सर्व मागण्या, तक्रारी आणि त्यांवरील कारवाई यांबाबत कडक गुप्तता पाळली जाईल. कारणे लिहावयाची, पण ती ज्याच्या संबंधी आहेत त्याला ती दिसतीलच अशी खात्री नाही. मग दाद कशाविरुद्ध मागावयाची?

६६-अ या कलमाने माणसाला पकडले जात होते, म्हणून ते सर्वांना दिसले. ६९-अ कोणाला पकडत नाही. ते फक्त मजकूर नाहीसा करते. अटक झालेल्या लेखकाविषयी आपण पत्रके काढतो, सभा घेतो. पण ज्याचे लेखन एका सकाळी केवळ दिसेनासे झाले, त्याला स्वतःलाच पुष्कळदा कळत नाही की आपल्यावर बंदी आली आहे, की यंत्रात बिघाड झाला आहे.

माझ्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीला याचा अनुभव आला. छापील नियतकालिकांबाहेर, थेट जाळ्यावर प्रसिद्ध होणाऱ्या अलीकडच्या कवितेवर ती काम करीत होती. प्रकरणाचा मसुदा तयार झाल्यावर उद्धृते पडताळताना काही कविता तिला सापडेनात. त्यांच्या जागी ‘हा मजकूर आपल्या देशात उपलब्ध नाही’ एवढेच वाक्य येई. तो सरकारने काढविला, कंपनीने आपण होऊन काढला, की कवीनेच मागे घेतला, हे ठरविण्याचा तिच्यापाशी मार्ग नव्हता. कंपनीला विचारले, उत्तर आले नाही. प्रबंधाच्या तळटीपेत काय लिहावयाचे, हा तिचा प्रश्न होता, आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. ‘कीचकवध’वरील प्रबंधात ही अडचण शंभराहून अधिक वर्षांनंतरही येत नाही.

छापील पुस्तक आणि जाळ्यावरील मजकूर यांतील एक भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. पुस्तक जप्त झाले तरी एखादी प्रत कोणाच्या माळ्यावर, एखाद्या ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटात राहते. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह निवडक ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत द्यावयाची असते. जाळ्यावरील मजकुराला अशी प्रतच नसते. तो वाचकाच्या हाती कधी आलेला नसतो. दर वेळी दुरून दाखविला जात असतो, आणि दाखविणे थांबले की संपतो. म्हणून तेथे बंदी आणि विनाश यांत फारसे अंतर उरत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की दहशतीस चिथावणी देणारा किंवा बालकांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर हटविताना त्याचा पत्ता जाहीर करणे म्हणजे त्याची जाहिरातच होय. हे मान्य आहे. पण मजकूर जाहीर करणे वेगळे आणि आदेश जाहीर करणे वेगळे. कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाखाली, कोणत्या अधिकाऱ्याने आदेश दिला, हे सांगण्याने कोणत्याही गुन्ह्याचा प्रसार होत नाही. दूरसंचार सेवा बंद ठेवण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘अनुराधा भसीन’ खटल्यात जानेवारी २०२० मध्ये सांगितलेच आहे. जेथे संपूर्ण प्रदेशाची सेवा बंद करण्याच्या आदेशाला गुप्ततेची गरज नाही, तेथे एका कवितेला ती का असावी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आज मजकूर हटविण्याचे बरेचसे काम सरकार नव्हे, तर खाजगी कंपन्या आपापल्या नियमांनुसार करतात, आणि त्यांच्यावर संविधानाचे बंधन नाही. याच कारणाने, तंत्रज्ञानावर सरकारी नियमन नकोच, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसत नाही. नियमन हवे, परंतु ते दोन्ही बाजूंना सारखेच लागू असावे. २०२१ च्या नियमांनी मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांवर असे बंधन घातले, की त्यांनी आपण होऊन मजकूर काढण्यापूर्वी तो टाकणाऱ्यास कारणे कळवावीत. हे बंधन रास्त आहे. विसंगती एवढीच, की कंपनीकडून जी अपेक्षा सरकार करते, ती ते स्वतःकडून करीत नाही. मजकूर हटविण्यासंबंधीची सूचना वरिष्ठ अधिकाऱ्यानेच द्यावी आणि तीत कायदेशीर आधार व कारण स्पष्ट असावे, अशी दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली, हेही पुढचे पाऊलच म्हटले पाहिजे. पण ती सूचना जाते कंपनीकडे. लेखक आणि वाचक या व्यवहारात अद्याप परकेच आहेत.

सरकारविषयीचे कोणते वृत्त खरे आणि कोणते खोटे हे सरकारनेच नेमलेल्या यंत्रणेने ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तो नियम राजपत्रात छापलेला होता, म्हणून त्याला आव्हान देता आले. नागरी स्वातंत्र्याच्या बहुतेक लढाया अशा छापील कागदावर जिंकल्या गेल्या आहेत.

तेव्हा आपली मागणी काय असावी? मजकूर हटविण्याच्या प्रत्येक सरकारी आदेशाची सार्वजनिक नोंदवही असावी. ज्याचे लेखन हटविले, त्यास तो सापडण्याजोगा असेल तर आदेशाची प्रत मिळावी. आणि हटविलेल्या मजकुराची एक प्रत, आवश्यक तर काही वर्षे मोहोरबंद ठेवून, राष्ट्रीय अभिलेखागारात जमा व्हावी. यांपैकी एकही मागणी सरकारचा बंदी घालण्याचा अधिकार काढून घेत नाही. तो असावा की नसावा हा वाद चालूच राहील, आणि राहावा. परंतु तो वाद घालावयाचा तर वादाचा विषय आपल्यासमोर असला पाहिजे.

वकील आणि पत्रकार आपापल्या परीने हा प्रश्न मांडत आहेत. साहित्याच्या अभ्यासकांनी तो त्यांच्यावर सोपवून स्वस्थ बसू नये. दप्तर हा आपल्या व्यवसायाचा पाया आहे, आणि त्याचे मोल आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. परकी सरकारने काय जप्त केले हे आपण पानोपानी सांगू शकतो. आपण निवडलेल्या सरकारांनी काय दिसेनासे केले, हे पन्नास वर्षांनी आपल्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी विचारतील. त्यांच्या तळटीपेची सोय आजच करावी लागेल.