पराभव नेमका कोणाचा?

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईत आम आदमी पक्षाच्या उमेदवार मेधा पाटकर तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या. २०१५ मध्ये त्यांनी पक्षही सोडला. नर्मदा खोऱ्यातील विस्थापितांसाठी जवळजवळ तीन दशके झुंजलेल्या नेत्याची ही निवडणूक संपताच ‘पर्यावरणाला मते नसतात’ असा निष्कर्ष पंडितांनी काढला. तो निखालस खोटा आहे. पाटकरांना सुमारे पाऊण लाख, म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक मते पडली होती. पश्चिम जर्मनीत १९८३ साली ग्रीन पक्षाने देशभरच्या ५.६ टक्के मतांवर संसदेत २७ जागा मिळविल्या, कारण तेथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. येथे पहिला येणारा सर्वस्व घेऊन जातो.

परंतु सारा दोष निवडणूक पद्धतीवर ढकलून डाव्या पक्षांना हात झटकता येणार नाहीत. पाण्याचा प्रश्न हा मालकीचा, म्हणूनच वर्गाचा प्रश्न आहे, हे त्यांनी मतदाराला ठामपणे कधी सांगितले? २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे टँकरमागे धावत असताना औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश अखेर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला द्यावा लागला. ते काम रस्त्यावर उतरून पक्षांनी करावयाचे होते. जायकवाडीचे पाणी आधी कोणाला, हा सवाल ज्यांच्या जाहीरनाम्यात पहिल्या पानावर येत नाही, त्यांनी पर्यावरणवादी उमेदवाराच्या पराभवावर अश्रू ढाळू नयेत. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी आणि न्याय्य पाणीवाटपाचा लढा कार्यकर्त्यांनी एकाच वेळी हाती घ्यावा.