पटाच्या धंद्यात चारा कोण घालतो?

प्राण्यांचे खेळ दाखवण्याच्या धंद्यात तिकीट खेळाच्या दिवशी खपते. जनावराला वैरण मात्र रोज लागते. हा धंदा कुठे टिकला आणि कुठे मोडला, याचा उलगडा बहुतेक वेळा या वैरणीच्या हिशेबात सापडतो.

महाराष्ट्रात तो मोठ्या प्रमाणावर प्रथम उभा केला विष्णुपंत छत्रे यांनी. सांगली भागातल्या अंकलखोपचे छत्रे ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणे शिकले आणि तिथेच घोडे शिकवण्यातही तयार झाले. पुढे संस्थानिकाच्या पागेत चाबुकस्वार असताना त्यांनी मुंबईत कियारिनी या इटालियनाची सर्कस पाहिली आणि 20 मार्च 1880 रोजी ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ लावला. त्यांच्या मागोमाग सांगली-तासगावच्या पट्ट्यातून कितीतरी सर्कशी निघाल्या. पुण्याचे दामू धोत्रे मामाच्या सर्कशीत वाघसिंहांशी खेळायला शिकले आणि 1940 मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोहोचले. ही माणसे आधी जनावर राखणारी होती, खेळ त्यानंतर आला. तरीही प्रत्येक तंबूला पुढच्या गावी जावेच लागे, कारण गर्दी ओसरली तरी पिंजऱ्यातली तोंडे खायला मागतच.

तो मार्ग आता कायद्यानेच बंद आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 22 खाली 14 ऑक्टोबर 1998 च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ बंद झाले. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. हत्तीचे नाव त्या यादीत नव्हते. सर्कशींना हत्ती ठेवण्याची मुभा केंद्रीय प्राणी संग्रहालय प्राधिकरणाने पुढे काढून घेतली. पोपट आणि साप वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. हा धंदा विदर्भातल्या उमरखेडला काढायचा म्हटले, तर त्या तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे, त्यामुळे वन खाते तिथे लांब नाही. उरतात घोडा, कुत्रा यांसारखी पाळीव जनावरे. त्यांचे खेळ लावायचे तर 2001 च्या नियमांप्रमाणे हरियाणातल्या बल्लभगडला मुख्यालय असलेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कोणते जनावर कोणता खेळ करणार, हे आधी लिहून द्यावे लागते. अशी जनावरे पदरी बाळगून तालुक्याच्या गावात वर्षभर प्रेक्षक मिळवणे अवघड आहे.

म्हणून उमरखेडसारख्या ठिकाणी या धंद्याचा खरा विचार शंकरपटापासून सुरू होतो. विदर्भात बैलांच्या शर्यतीला पट म्हणतात. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, वर धुरकरी बसवायचा आणि सरळ धावपट्टीवर जोडी सोडायची. अलीकडे सेकंदाच्याही भागापर्यंत वेळ मोजून निकाल लावतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट यासाठी नावाजलेला आहे. पूर्व विदर्भात दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक अशी जोडच असते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांच्या पंगतीत सोयरिकी ठरतात. सोयाबीन निघालेले, कापूस वेचणीला आलेला आणि हातात थोडा पैसा, असा हा पटाचा हंगाम असतो.

पटानेही बंदी भोगली आहे. 2011 मध्ये बैलाचे नाव निषिद्ध यादीत गेले आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये स्वतःची दुरुस्ती केली, पण शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली ती 16 डिसेंबर 2021 रोजी. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, ठेव भरावी लागते, पशुवैद्यकाकडून बैल तपासून घ्यावा लागतो. धावपट्टी 1000 मीटरच्या आत हवी. काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांना मनाई आहे. मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे; राज्याच्या दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. ही कडक तरतूद योग्यच आहे. धुरकऱ्याच्या हातात टोचणी दिसली की जोडी तिथेच बाद करणारा आयोजक स्वतःचा पटही वाचवतो.

उमरखेडची जागा या कामाला चांगली आहे. नागपूर-तुळजापूर महामार्ग गावावरून जातो आणि पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. विदर्भातल्या जोड्या एका अंगाने येऊ शकतात, नांदेडकडची लाल कंधारी जनावरे दुसऱ्या अंगाने. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत जनावरांचा बाजार आणि पशुप्रदर्शन वर्षानुवर्षे भरते. पटाला प्रदर्शनाची अशी जोड दिली तर पटात न पळणाऱ्या वळू, गायी, कालवडी यांनाही मान मिळतो आणि त्यांना पळवावे लागत नाही.

पटात आयोजकाचे एकही जनावर नसते, म्हणून सर्कशीला बुडवणारा चाऱ्याचा खर्च त्याच्या माथी येत नाही. तो खर्च नाहीसा होत नाही, शेतकरी सोसतो. पटाच्या जोडीला सरकी, पेंड, कडबा, खुराक वर्षभर घालावा लागतो. नांगरटीला ट्रॅक्टर आल्यापासून अशी जोडी औतापेक्षा हौसेपायीच जास्त राखली जाते. उत्पन्न मात्र आयोजकाकडे जमते: प्रवेश फी, दुकानांच्या जागा, देणग्या, पाटीवरची जाहिरात. बक्षीस दोन-चार जोड्यांना जाते आणि बाकीचे गाडीभाडे पदरचे घालून परततात. ही वाटणी अन्यायाची आहे. ती चालू राहिली तर पटाला जोड्याच उरणार नाहीत.

नव्याने पट भरवणाऱ्याने खर्चाच्या कागदावर पहिली रक्कम यासाठीच काढावी: येणाऱ्या प्रत्येक जोडीचे गाडीभाडे आणि मुक्कामाची वैरण. त्याखाली सावलीचा मांडव, पाण्याच्या टाक्या, मैदानावर दिवसभर थांबणारा पशुवैद्यक, जखमी बैलासाठी वाहन आणि विमा. कानातला 12 अंकी बिल्ला आणि लसीची नोंद प्रवेशाच्या वेळीच तपासावी. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्यात गुरांचे बाजार आणि शर्यती बंद कराव्या लागल्या होत्या. तशी वेळ आली तर जोडीवाल्यांची फी परत करता यावी एवढी रक्कम बाजूला ठेवावी. ढाल आणि मोटारसायकलची बक्षिसे यानंतर ठरवावीत.