तालमीतून उभा राहिलेला फुटबॉल

खानदेशात यात्रा आणि कुस्ती यांचे नाते जुने आहे. शिंदखेडा तालुक्यातील तापीकाठच्या गावांपासून थेट धुळ्यापर्यंत, ग्रामदैवताची यात्रा भरली की कुस्त्यांची दंगल होते, ढोल वाजतो आणि बाजारपेठेतील पेढ्यांनी जाहीर केलेली इनामे पुकारली जातात. खेळाला हातभार लावण्याची व्यापारी कुटुंबांची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मात्र यात्रा उठली की आखाडा ओस पडतो. पैलवान आपापल्या गावी परततात, आणि ज्या मुलांनी त्या कुस्त्या श्वास रोखून पाहिल्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी खेळायला कुठे जावे, याचे उत्तर कोणाजवळ नसते. इनाम एका दिवसाचे असते. खेळाला आधार वर्षभर लागतो. असा वर्षभराचा आधार कसा उभा राहतो आणि कशावर टिकतो, याचे बोलके उदाहरण कुस्तीच्याच पंढरीत, कोल्हापुरात, सापडते. नवल असे की ते उदाहरण कुस्तीचे नसून फुटबॉलचे आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर मल्लविद्येचे माहेरघर झाले. खासबागेचे कुस्ती मैदान 1912 साली उभे राहिले. पण त्या मैदानाला मल्ल पुरवणारी व्यवस्था होती ती पेठापेठांतील तालमींची. तालीम म्हणजे तांबड्या मातीचा हौदा, मारुतीची मूर्ती आणि पेठेतील पोरांवर डोळा ठेवणारी चार वडीलधारी माणसे. फुटबॉल हा इंग्रजी अमदानीतून आलेला खेळ. अन्यत्र तो छावण्यांत, महाविद्यालयांत किंवा गिरण्यांत रुजला. कोल्हापुरात तो तालमीत शिरला आणि तालमीचाच होऊन राहिला. म्हणूनच तेथील संघांची नावे आजही फुटबॉलची वाटत नाहीत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, वेताळमाळ तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. ही यादी वाचणाऱ्याला आखाड्यांची वाटावी. प्रत्यक्षात ते फुटबॉलचे संघ आहेत.

या संघांना एका शिस्तीत बांधण्याचे काम 1940 साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनने, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या ‘केएसए’ने केले. छत्रपती घराण्याचा आश्रय या संस्थेला लाभला. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. त्याआधी प्रत्येक खेळाडूची नोंदणी होते, आणि कोणता खेळाडू यंदा कोणत्या तालमीकडून उतरणार याची चर्चा पेठांच्या कट्ट्यांवर रंगते. पुढे साखळी सामने आणि निरनिराळ्या चषकांच्या स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालू राहतात. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात. एका जिल्ह्याच्या ठिकाणी, केवळ स्थानिक संघांच्या सामन्याला, तिकीट काढून इतकी माणसे येतात, हे दृश्य देशात दुर्मीळच म्हणावे लागेल.

परंतु या खेळाचे खरे मर्म त्या गर्दीत शोधून सापडणार नाही. ते खालच्या गटांत आहे. वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात. त्याखाली अ, ब, क अशी उतरती शिडी आहे. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. हंगामाच्या अखेरीस वरच्या गटातील तळाचे संघ खाली उतरतात आणि खालच्या गटातील अव्वल संघ वर चढतात. मोठ्या तालमींची दुसरी फळीही याच खालच्या पायऱ्यांवर घडते. या एका नियमामुळे शिडीच्या प्रत्येक पायरीवरील सामन्याला किंमत येते. तळाशी असलेल्या संघालाही अखेरच्या दिवसापर्यंत काही तरी मिळवायचे असते किंवा वाचवायचे असते. व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या बाजारात लहान दुकानदाराला मोठे होण्याची वाट मोकळी असते आणि मोठ्या पेढीलाही आळस केल्यास उतरण्याची धास्ती असते, तोच बाजार जिवंत राहतो.

खालच्या गटातील संघाची कथा वृत्तपत्रांत दोन ओळींत संपते. त्याच्या सामन्याला गर्दी नसते, खेळाडूंना मानधन नसते. कोणी सकाळी कामाला जाऊन दुपारी मैदानावर येतो, कोणी परीक्षा देऊन थेट बूट चढवतो. अशा संघाला जिवंत ठेवणारी माणसे गोल करणारी नसतात. नोंदणीची मुदत ध्यानात ठेवणारा, कपडे धुऊन आणणारा, फाटलेला चेंडू शिवून घेणारा, जखमी मुलाला दवाखान्यात नेणारा, आणि वर्गणीची वही नीट लिहिणारा, अशा पाचसात माणसांवर तो तग धरून असतो. संघ खालच्या गटात उतरला की पहिले संकट पैशाचे नसते. ही पाचसात माणसे कंटाळली तर काय, हे खरे संकट असते. ती टिकली तर संघ पुन्हा वर येतो. ती उठून गेली तर वरिष्ठ गटातील संघही दोन हंगामांत विरून जाऊ शकतो.

याच्या उलट चित्रही भारतीय फुटबॉलने पाहिले आहे. फगवाड्याच्या जेसीटी या कापड गिरणीचा संघ 1996-97 साली पहिल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता ठरला. 2011 मध्ये तो बंद झाला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2005-06 चे विजेतेपद मिळवले. 2010 मध्ये तोही गुंडाळण्यात आला. दोन्ही संघांना पैसा, प्रशिक्षक आणि नामवंत खेळाडू यांची वाण नव्हती. परंतु त्यांचा आधारस्तंभ एकच होता. उद्योगसमूहाचा अग्रक्रम बदलला आणि संघ संपला. यात त्या उद्योगांना दोष देण्याचे कारण नाही. कोणत्याही व्यवसायाला आपला खर्च तपासावाच लागतो. बोध इतकाच घ्यायचा, की एका मोठ्या देणगीवर उभी राहिलेली संस्था त्या देणगीइतकीच जगते. पेठेतील शेकडो घरांच्या लहान लहान वर्गण्यांवर उभी असलेली तालीम मात्र एकदोन घरांनी हात आखडला तरी कोसळत नाही.

सातासमुद्रापलीकडे, लंडनच्या विम्बल्डन उपनगरात, हाच प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आला. तेथील क्लबची स्थापना 1889 ची. वर्षानुवर्षे खालच्या गटांत खेळून तो अव्वल गटात पोहोचला आणि 1988 साली बलाढ्य लिव्हरपूलला हरवून त्याने इंग्लंडचा मानाचा एफए चषक जिंकला. पुढे मालकांनी क्लब दूरच्या मिल्टन कीन्स या शहरात हलवण्याचे ठरवले आणि 2002 साली त्यास परवानगी मिळाली. दुकानाची पाटी, माल आणि परवाना उचलून नेला, तरी गिऱ्हाईक आणि पत त्याच गल्लीत राहिली, असा तो प्रकार होता. समर्थकांनी त्याच उन्हाळ्यात एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला, गावच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची खुली निवड घेतली आणि शिडीच्या अगदी खालच्या पायऱ्यांवरून आरंभ केला. नऊ हंगामांत पाच वेळा वर चढून 2011 मध्ये तो इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये दाखल झाला. नोव्हेंबर 2020 मध्ये जुन्या मैदानाजवळच नवे मैदान उभे करून तो आपल्या उपनगरात परतला. त्या मैदानासाठी समर्थकांनी रोखे घेऊन पैसा उभा केला. क्लबची सूत्रे आजही सभासदांच्या विश्वस्त संस्थेकडे असून प्रत्येक सभासदाला एकच मत आहे. सहकाराच्या भूमीत वाढलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला ही रचना परकी वाटू नये.

कोल्हापूरच्या फुटबॉलचे सारेच गोड आहे असे मात्र नाही. पेठेचा अभिमान अनेकदा पेठेच्या वैरात बदलतो. सामन्यानंतर दगडफेक, हाणामारी आणि पोलीस बंदोबस्त यांच्या बातम्या दर काही काळाने येतात. चषकांची बक्षिसे वाढली तशी परगावच्या, क्वचित परदेशी, खेळाडूंना आणण्याची चढाओढ वाढली, आणि पेठेतल्याच मुलाला राखीव बाकावर बसावे लागू लागले. ज्या संस्थेने मुलांना शिस्त लावायची, तिच्याच नावाने मुलांनी दुसऱ्याच्या अंगावर धावून जावे, याहून मोठा पराभव नाही. गुणतक्त्यात तो कोठेही दिसत नाही, पण एखाद्या कुटुंबाने आपल्या मुलाला मैदानावर पाठवणे थांबवले की तो लागू होतो. खेळाचे मैदान निर्भय असणे ही क्लबची पहिली जबाबदारी आहे, विजय त्यानंतरचा.

तरीही जमेची बाजू भारी आहे. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा. भारताने फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात सहभागी होण्याची ती पहिलीच वेळ होती. असा एक खेळाडू वर येतो त्यामागे, कधीच वर न आलेल्या शेकडो मुलांचा खेळ असतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांत कोल्हापूरच्या तालमी आणि तरुण मंडळे मदतीला धावून गेली, तेही याच सवयीतून. रोज संध्याकाळी एकत्र येणाऱ्या मुलांना संकटाच्या दिवशी वेगळे बोलावणे पाठवावे लागत नाही.

त्याच 2017 च्या विश्वचषकाच्या निमित्ताने, 15 सप्टेंबर रोजी, महाराष्ट्रातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम राज्य शासनाने हाती घेतला होता. शाळाशाळांत चेंडू पोहोचले. उपक्रमाचा हेतू उत्तम होता. परंतु चेंडू पोहोचणे आणि खेळ पोहोचणे यांत अंतर असते, आणि ते अंतर भरून काढणे शासनाच्या एका दिवसाच्या आवाक्यातले नाही. ते काम गल्लीतल्या मंडळाचे आहे. शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा यांसारख्या गावांना स्टेडियमची आवश्यकता नाही. पूर्ण आकाराच्या फुटबॉल मैदानाला सुमारे पावणेदोन एकर सपाट जागा पुरते, आणि लहान मुलांसाठी त्याच्या चौथाईतही खेळ होतो. शाळेचे पटांगण संध्याकाळी दोन तास उघडे राहिले, तरी आरंभ होऊ शकतो. त्या दोन तासांत मुलींनाही जागा असली पाहिजे, हे निराळे सांगायला नको.

पुढचे काम व्यापारी कुटुंबांच्या हातचे आहे. सात सभासद एकत्र आले की 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली मंडळाची नोंदणी करता येते. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंद होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून सादर करणे आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करणे ही बंधने येतात. गावोगावची कित्येक मंडळे खेळाडूंच्या अभावी बंद पडलेली नाहीत. जुने विश्वस्त कागदावर राहिले, नव्यांचे नाव चढले नाही, बँकेचे खाते अडकले, आणि उत्साह विझला. आपल्या पेढीचे आवक-जावक दर संध्याकाळी जुळवणाऱ्या घरांना हे काम अवघड नाही. मोठी रक्कम देणाऱ्यापेक्षा, आठवड्यातून एक तास मंडळाच्या वहीला देणारा माणूस अशा ठिकाणी अधिक मोलाचा ठरतो.

दिवाळीला पेढीवर नव्या वह्यांचे पूजन होते आणि नवी खाती उघडली जातात. त्याच सुमारास कोल्हापुरात खेळाडूंच्या नोंदण्या पुऱ्या होऊन नवा हंगाम उभा राहतो. यंदाच्या वहीत एक पान गावच्या मैदानाच्या नावे काढले, यात्रेतल्या एका दिवसाच्या इनामाइतकी रक्कम बारा महिन्यांत वाटून त्यावर मांडली आणि ते पान सांभाळण्याची जबाबदारी घरातील एखाद्या तरुणावर सोपवली, तर पुढच्या दिवाळीपर्यंत एक संघ उभा राहू शकेल. तो खालच्या गटातला असेल. आज शाहू स्टेडियम गाजवणाऱ्या तालमींचा खेळही एके काळी पेठेतल्या पोरांनी असाच लहान प्रमाणावर सुरू केलेला होता.