मंदगतीची परीक्षा

दुचाकीचा परवाना काढून आलेल्या घरांतील कोणत्याहि तरुणास विचारा, "काय रे, परीक्षेंत काय करावयास लावलें?" उत्तर बहुधा एकच येईल, "आठ काढावयास लावला." जमिनीवर आंखलेल्या आठाच्या आंकड्यावरून, पाय न टेकतां, गाडी फिरवून आणावयाची, एवढीच ती परीक्षा. परवाना हातीं पडला कीं तो आठ कायमचा विसरला जातो. आपल्या घरीं ज्यास निव्वळ उपचार समजतात, त्या आठासाठीं अमेरिकेंतील पोलीस खातीं आपल्या निवडक माणसांचे दिवसचे दिवस खर्चीं घालतात, आणि तो साधला नाहीं तर त्या माणसाच्या हातीं मोटरसायकल देत नाहींत. असें कां, याचा विचार आज आपण करूं. विषय पोलिसांचा असला तरी त्यांतील बोध घरगुती आहे.

अमेरिकेंत मोटरसायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा एक वेगळा वर्ग आहे. त्यांस 'मोटर ऑफिसर' म्हणतात. ही परंपरा जुनी आहे. हार्ले-डेव्हिडसन कंपनी आपल्या इतिहासांत असें सांगते कीं, पोलिसांच्या कामाकरितां तिनें पहिली गाडी विकली ती १९०८ सालीं, डेट्रॉइट शहरास. पुढें १९३६ सालीं इलिनॉय राज्यांतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत पोलिसांस वाहतुकीचें शास्त्र शिकविणारी एक संस्था निघाली, आणि मोटरसायकलस्वार पोलिसांचें शिक्षण हें कालांतरानें तिच्या कार्याचें एक अंग बनलें. अशा अभ्यासक्रमाची मुदत सामान्यतः दोन आठवडे, म्हणजे सुमारें ८० तास असते. त्यांत वेगानें जातांना एकदम थांबणें, अडथळा चुकविणें हेंहि शिकवितात. परंतु शिकणाऱ्याचा घाम निघतो तो माणसाच्या चालीहून थोड्याच अधिक गतीनें गाडी चालवितांना.

प्रथमदर्शनीं हें चमत्कारिक वाटेल. मोटरसायकलवरचा पोलीस म्हटला कीं चोराच्या पाठीमागें भरधाव सुटलेला वीर आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. पण त्याच्या दिवसाचा हिशेब मांडला तर चित्र निराळें दिसतें. शवयात्रेच्या पुढें संथपणें चालणें, मिरवणुकीच्या कडेनें मुलाबाळांच्या पावलांशीं गति जुळवून जाणें, तुंबलेल्या मोटारींच्या रांगांतून वाट काढणें, चढावर थांबून पुन्हां निघणें, अशीं त्याचीं कामें. सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे नियम मोडून उलट दिशेनें निघून गेलेल्या मोटारीमागें जाण्यासाठीं आहे त्याच रस्त्यांत गाडी फिरविणें. तेथील मोठ्या रस्त्याची एक मार्गिका सामान्यतः १२ फूट रुंद असते. दोनच मार्गिका असल्या तर २४ फुटांत वळण पुरें झालें पाहिजे. पोलिसांच्या मोठ्या हार्ले गाडीचें वजन तर ८०० पौंडांच्या घरांत, म्हणजे ३६० किलोंहून अधिक. एवढें धूड वळतांना कलूं लागलें आणि स्वारानें घाबरून पाय टेकला, तर तें पायावरच येतें. घोटा मोडण्यास मोठा वेग लागत नाहीं.

येथें थोडें शास्त्र पाहिलें पाहिजे. दुचाकी एका बाजूस कलूं लागली कीं पुढचें चाक त्याच बाजूस वळतें, आणि धांवतीं चाकें पडत्या भाराच्या खालीं येऊन त्यास सांवरून धरतात. तळहातावर काठी उभी तोलून धरणारें मूल काठी जिकडे कलेल तिकडे हात नेतें, तसाच हा प्रकार. गाडी वेगांत असतां चाक केसभर वळलें तरी काम भागतें. ती मंद झाली म्हणजे हँडल पुष्कळ वळवूनहि चाकें भाराखालीं वेळेवर पोंचत नाहींत. फिरत्या चाकाच्या अंगीं भोंवऱ्याचा गुण असल्यानेंच दुचाकी उभी राहते, असें पुष्कळजण समजतात. परंतु २०११ सालीं हॉलंडमधील डेल्फ्ट व अमेरिकेंतील कॉर्नेल या विद्यापीठांच्या संशोधकांनीं अशी एक सायकल बनविली कीं, उलट फिरणारीं चाकें जोडून तिच्यांतला तो गुण नाहींसा केला होता. तरी ढकलून दिली असतां ती आपला तोल आपणच राखीत धांवली. वेगांत असतां गाडी आपणांस किती मदत करीत असते, हें यावरून कळेल. ती मदत थांबली म्हणजे मग स्वाराची विद्या दिसते.

ही विद्या मोकळ्या डांबरी मैदानावर, रबरी शंकू मांडून, शिकविली जाते. पहिला धडा डाव्या हाताचा. क्लच पुरता दाबलेला नाहीं आणि पुरता सोडलेलाहि नाहीं, अशी एक मधली जागा असते. तेथें इंजिनाची ओढ चाकापर्यंत अर्धीच पोंचते. ती जागा हातास सांपडली पाहिजे आणि हात तेथें राहिला पाहिजे. उजवी मूठ किंचित् पिळून स्थिर ठेवावयाची, आणि उजव्या पायानें मागचा ब्रेक हलकेंच दाबून धरावयाचा. इंजिन पुढें ओढतें, ब्रेक मागें आवरतो, आणि या दोहोंच्या ताणांत साखळी-पट्ट्याची ढिलाई नाहींशी होऊन गाडी गचके देईनाशी होते. वेग कमीजास्त करावयाचा तो मुख्यतः क्लचच्या बोटांनीं. क्लच जळणार नाहीं काय, ही शंका रास्त आहे. पुष्कळ गाड्यांत त्याच्या चकत्या तेलांत बुडालेल्या असतात, त्यामुळें त्या हें घर्षण बरेंच सोसतात. बी.एम.डब्ल्यू.च्या जुन्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत मात्र क्लच कोरडा असे, तेथें तो जपावा लागे.

पुढच्या ब्रेकाविषयीं नियम कडक आहे. हँडल वळलेलें असतां मंदगतींत त्यास स्पर्श करावयाचा नाहीं; केला तर गाडी जागच्या जागीं आडवी होते. परंतु सरळ रेषेंत वेगानें जातांना थांबावयाचें असेल तर तोच ब्रेक मुख्य, हेंहि त्याच मैदानावर शिकवितात. एकच साधन एका स्थितींत तारक आणि दुसऱ्या स्थितींत घातक कसें होतें, हें येथें कळतें. अरुंद वळणांत गाडी आंत कलवावयाची आणि आपलें अंग मात्र उभें किंवा थोडें बाहेरच्या बाजूस ठेवावयाचें, हा त्यापुढचा धडा.

या सर्वांहून कठीण धडा डोळ्यांचा आहे. नवशिक्या शंकूकडे पाहतो, कारण त्याला शंकू चुकवावयाचा असतो. आणि नेमका त्याच शंकूवर जातो. जमिनीकडे पाहणारा जमिनीवर येतो. उलट वळणांत मान पुरती मागें फिरवून, जेथें जावयाचें तेथें दृष्टि ठेवली कीं हात आपोआप तिच्या मागें जातात. शिक्षक दिवसभर ओरडत असतात तें बहुधा एवढेंच, "मान वर, नजर पुढें!" मग नागमोडी रांगा, आठाचा आंकडा, शंकूंच्या अरुंद दारानें लहानशा चौकांत शिरून त्याच दारानें बाहेर येणें, हँडल पुरतें वळवून उभ्या जागेवरून निघणें, असे एकाहून एक कठीण घाट. शंकू हालला किंवा पाय टेकला, कीं ती फेरी बाद.

गाडी पडते, सर्वांची पडते. म्हणून ती उचलणें हाहि अभ्यासक्रमाचा भाग आहे. पडलेल्या गाडीकडे पाठ करून, बैठक मारून, पाठीचा खालचा भाग बैठकीस टेकवून, लहान पावलांनीं मागें ढकलीत, मांड्यांच्या बळावर ती उभी करतात. दंडांच्या जोरावर उचलूं पाहणारा आडदांड गडी कंबर दुखवून घेतो, आणि बेतानें करणारी शेलाट्या बांध्याची स्त्री-पोलीस तीच गाडी उभी करते. आपल्या घरांतील लेकीसुनांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. दुचाकीचें काम बळाचें, ही समजूत त्यांच्या मनांत पुष्कळदां दुसऱ्यांनींच घातलेली असते.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. या वर्गांत येणारे कांहीं कोरे नसतात. कित्येकांनीं वर्षानुवर्षें स्वतःची मोटरसायकल चालविलेली असते. अशा जुन्या स्वारांस कधीं कधीं नवख्यांपेक्षां अधिक जड जातें, कारण नवख्यास फक्त शिकावयाचें असतें, जुन्यास आधीं विसरावयाचें असतें. खालीं पाहण्याची, पुढच्या ब्रेकवर बोटें ठेवण्याची, वळणांत पाय लोंबते सोडण्याची संवय वेगाच्या आड झांकून राहिलेली असते. वर्गांत संस्कृत स्तोत्रें म्हणवून घेणाऱ्या कोणत्याहि शिक्षकास हा अनुभव ओळखीचा वाटेल. घाईनें, ठेक्यांत म्हणणारा विद्यार्थी ऐकावयास पाठ वाटतो. त्यालाच पदच्छेद करून संथ म्हणावयास लावलें कीं ऱ्हस्व-दीर्घाचे, जोडाक्षरांचे, विसर्गाचे सगळे दोष एकामागून एक बाहेर पडतात. वेग दोष काढीत नाहीं, तो दोष लपवितो.

अनुभव आणि शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचा पुरावाहि आहे. अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजेलिस भागांतील ९०० हून अधिक मोटरसायकल-अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला, आणि १९८१ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अपघातांत सांपडलेल्या स्वारांपैकीं ९२ टक्के लोकांनीं पद्धतशीर शिक्षण घेतलेलें नव्हतें. ते आपले आपण, नाहींतर घरच्यांकडून वा मित्रांकडून शिकलेले होते. संकट समोर येतांच बहुतेकांनीं मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरविलें, आणि पुढचा ब्रेक, जो त्यांस वांचविता, तो पुरता वापरलाच नाहीं. न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, दुसऱ्या वाहनाशीं टक्कर झालेल्या अपघातांपैकीं सुमारें दोन-तृतीयांशांत चूक समोरच्या मोटारवाल्याची होती. पण दुसऱ्याच्या चुकीपासून वांचण्याचें कसब तरी दुसरा कोण देणार?

'अभ्यास' हा शब्द आपण 'घरचा अभ्यास' या अर्थानें इतका वापरला आहे कीं त्याचें मूळ विसरून गेलों. अभि-पूर्वक अस् धातु, ज्याचा अर्थ फेंकणें. एखाद्या लक्ष्याकडे पुन्हां पुन्हां फेंकणें तो अभ्यास. पाणिनीय व्याकरणांतहि द्वित्व झालेल्या धातूच्या पूर्वभागास 'अभ्यास' हीच संज्ञा आहे. 'ददाति' या रूपांतला पहिला 'द' हा तो अभ्यास. परंतु नुसती पुनरावृत्ति म्हणजे अभ्यास नव्हे. फेंकणाऱ्यापुढें लक्ष्य पाहिजे, आणि नेम चुकला हें सांगणारें कोणी पाहिजे. वीस वर्षें एकच चूक रोज करणारा वीस वर्षांचा अनुभवी म्हणून मिरवतो, आणि मैदानावरचा एक शंकू त्याला क्षणांत खरें काय तें सांगतो. शंकूला वय, हुद्दा, नातें कांहीं कळत नाहीं, हा त्याचा मोठाच गुण.

आतां आपल्या घराकडे पाहूं. आपल्याकडे गाडी कोण शिकवितो? बहुधा थोरला भाऊ किंवा धाकटे काका. गल्लींतल्या गल्लींत दोन संध्याकाळ मागें बसून, "सोड, सोड, घाबरूं नकोस" एवढ्या उपदेशावर शिक्षण पुरें होतें. काकांचा हेतु चांगला, मायाहि खरी. पण काकांना तरी कोणी शिकविलें होतें? चुकांचा हा वारसा पिढीजात दागिन्यासारखा पुढें जातो. कोणी म्हणेल, आमची स्कूटर हलकी, तिला गिअर नाहीं, क्लच नाहीं; आम्हांस या पोलिसी विद्येचा काय उपयोग? उपयोग आहे. आपली दुचाकी भाजीबाजारांत, शाळा सुटण्याच्या वेळीं, देवळापुढच्या बोळांत मंदगतीनेंच चालावयाची असते, आणि तेथें आजूबाजूस म्हातारीं माणसें व मुलें असतात. बिनगिअरच्या गाडीवरहि मूठ किंचित् पिळून मागचा ब्रेक हलकेंच लावून धरला तर ती गचके न देतां चालते. अनेक नव्या स्कूटरींत डावा ब्रेक पुढच्या चाकावरहि थोडा लागतो, म्हणून हात हलकाच पाहिजे, आणि प्रथम मोकळ्या मैदानांत, सरळ रेषेंत करून पाहावें. नजरेचा नियम तर सर्व गाड्यांस सारखाच.

म्हणून नातवास किंवा नातीस अठराव्या वर्षीं गाडी घेऊन देऊं इच्छिणाऱ्या आजोबांस माझी एक सूचना आहे. किल्ली हातीं देण्यापूर्वी एक अट घालावी. चार रविवार सकाळीं, रिकाम्या मैदानांत, शिरस्त्राण घालून, विटा मांडून, आठ काढावयाचा; उजवीकडून आणि डावीकडून, पाय न टेकतां, मान वर ठेवून. जाणता शिक्षक मिळाला तर त्यास बोलवावें, आणि त्याची फी गाडीच्या किमतींतच धरावी. काकांनींहि त्याच विटांमधून एकदां जाऊन दाखवावें. घरांतल्या मुलांस त्याहून चांगला धडा मिळणार नाहीं. चार रविवारांनीं चि. नातू कुरकुरेल, "आजोबा, मला चालवतां येते हो!" तेव्हां त्यास शांतपणें सांगावें, "येते ना? मग जरा हळू चालवून दाखव."