समवर्ती म्हणजे समान नव्हे

राज्यघटनेंतील सूचींचा प्रश्न म्हणजे वकिलांच्या दिवाणखान्यांतील वाद, असा आमच्या सुशिक्षित मंडळींचा दृढ समज दिसतो. हा समज किती भ्रामक आहे हें पाहावयाचें असल्यास त्यांनीं एकवार शहापूर तालुक्यांतील शेणव्याच्या आसपास फिरून यावें. त्या भागांत वाडी संपली कीं जंगल लागतें. आणि त्या जंगलावर कायदा कोणीं करावा, यावर वाडीच्या रस्त्याचें व पाण्याच्या नळाचें भवितव्य अवलंबून असतें.

१९५० सालीं घटना अमलांत आली तेव्हां ‘वनें’ हा विषय राज्यसूचींत होता. १९७६ सालीं, आणीबाणींत, विरोधी पक्षांचे पुष्कळ पुढारी तुरुंगांत असतां बेचाळिसावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि शिक्षणादि विषयांबरोबर वनेंही समवर्ती सूचींत गेलीं. ‘समवर्ती’ हा शब्द मोठा गोंडस! जणूं केंद्र व राज्य एकाच पंक्तीला बसलीं. परंतु कलम २५४ उघडून पाहावें. दोहोंच्या कायद्यांत विरोध आला तर सामान्यतः संसदेचाच कायदा सरस ठरतो. राज्याचा कायदा टिकावयाचा तर त्यास राष्ट्रपतींची संमति हवी, आणि तोही संसद पुढें रद्द करूं शकते. पंक्ति एक खरी, पण वाढपी एकाच्याच घरचा!

यावर प्रतिपक्ष म्हणतो कीं, राज्यांनीं जंगलें ठेकेदारांच्या घशांत घातलीं असतीं. केंद्राच्या पूर्वसंमतीवांचून वनजमीन इतर कामीं देण्यास १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानें मनाई केली, म्हणूनच तीं वांचलीं. या आक्षेपांत तथ्य आहे. मुंबईवर तरी भिस्त कां ठेवावी? अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांस अधिकार देणारा पेसा कायदा संसदेनें १९९६ सालीं केला; शहापूर तालुका त्याच क्षेत्रांत मोडतो; पण त्याचे नियम करण्यास महाराष्ट्र सरकारास २०१४ साल उजाडावें लागलें!

तात्पर्य, दिल्ली कीं मुंबई हा वादच अपुरा आहे. शाळा, दवाखाना, रस्ता, नळ अशा सोयींसाठीं एक हेक्टरहून कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनें देतां यावी, अशी वाट २००६ च्या वनहक्क कायद्यानें मोकळी केली. वाडीचें हित वाडीला कळतें, हें संसदेनेंच कबूल केलें. मग तोच न्याय घटनेंत कां नको? अकरावी अनुसूची आहे खरी, पण तींतील विषय पंचायतींस द्यावे कीं न द्यावे, हें राज्याच्या मर्जीवर. जंगल राखण्याची मर्यादा दिल्लीनें खुशाल आंखावी. त्या मर्यादेच्या आंतील ग्रामसभेचा अधिकार मात्र घटनेंतच लिहिला पाहिजे. तोंवर ‘समवर्ती’ या शब्दावर शेणव्याकडील कातकऱ्यानें वा ठाकरानें कां म्हणून विश्वास ठेवावा?